बेळगावात घडलेली जुन्या घडणीची इलेक्ट्रिक गिटार: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

तिसरे_गेट

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. माझ्याकडे हातानं घडवलेली इलेक्ट्रिक गिटार आहे आणि ती इथंच, बेळगावात घडली. घडण फेंडर या अमेरिकन कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या टेलिकास्टरची. तिला दोन पावसाळे काढून झालेत, म्हणजे आता तिच्याबद्दल खात्रीनं बोलायला हरकत नाही.

शहापुरात आत्याचा जुना वाडा उतरवला तेव्हा दाराच्या चौकटीचं सागवान माझ्या वाट्याला आलं. मनात आलं, याचीच गिटार करायची. ज्या मिस्त्रींकडे गेलो ते मूळचे हार्मोनियम दुरुस्तीतले. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि तारेला अजून ‘तंती’च म्हणतात. त्यांनी चौकटीचा तुकडा हातावर तोलला आणि म्हणाले, “हे गळ्यात अडकवून दोन तास उभं राहायचं आहे तुम्हाला. झेपतंय का बघा.” सागवानाची बॉडी तीन किलोच्या घरात गेली असती. त्यांनी तूण सुचवलं. हलकं, तासायला सरळ, आणि मिरजेत सतारी-तंबोऱ्यांना तेच वापरतात म्हणून त्यांच्या ओळखीचं. बॉडी सव्वादोन किलोत बसली, जाडी ४५ मिलिमीटर.

मग माझ्या सागवानाचं काय झालं? ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. जुन्या टेलिकास्टरची मान मेपलच्या एकाच तुकड्याची असते. बोटं दाबायची वेगळी फळी, म्हणजे फिंगरबोर्ड, चिकटवलेली नसते; फ्रेट, म्हणजे धातूचे पडदे, थेट मानेतच ठोकलेले असतात. त्यामुळे मान सरळ ठेवणारा ट्रस रॉड मागून खाच पाडून आत घालावा लागतो आणि ती खाच वरून एका पट्टीनं बुजवतात. मूळ गिटारीत ती पट्टी अक्रोडाची, काळपट. माझ्या गिटारीत ती आत्याच्या दाराच्या सागवानाची आहे. अंगठा सारखा तिच्यावरूनच फिरतो.

मेपल मात्र बाहेरून मागवावं लागलं, त्याला इलाज नव्हता. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६४८ मिलिमीटर, वरच्या टोकाला तारा टेकतात त्या नटपाशी मान ४२ मिलिमीटर रुंद, फ्रेट २१, बारीक जुन्या पद्धतीचे. मिस्त्रींनी फ्रेटच्या जागा कागदावर काढल्या त्या दिवशी मी समोर बसलो होतो. ६४८ ला १७.८१७ नं भागलं की पहिला फ्रेट ३६.३७ वर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागायचं, की दुसरा. असं करत बारावा बरोबर ३२४ वर, अगदी मधोमध आला पाहिजे. तो आला तेव्हा त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि चहा सांगितला.

रंग पिवळसर, खालचे रेषे दिसतील असा. बॉडीला ओरखडे पडू नयेत म्हणून असतं ते पिकगार्ड काळं, पाच स्क्रूंचं. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकावर, काहीही लिहिलेलं नाही. त्या कंपनीचं नाव लावायचं नाही हे आमचं आधीच ठरलं होतं. मिस्त्रींची सही आहे, पण आत, मानेच्या बुडाला, पेन्सिलीनं. पन्नासच्या दशकात तिथंच पेन्सिलीनं तारीख घालत असत.

प्रश्न असतील तर विचारा, माहीत आहे तेवढं सगळं सांगतो.

चिकोडी_बास

फोटोची वाट बघतोय! पण आधी हे सांगा, इथं बेळगावात करायची कल्पनाच कशी सुचली? पैसे साठवून बाहेरची कंपनीची घेता आली असती की.

तिसरे_गेट

@चिकोडी_बास, आली असती. पण या गिटारीचा इतिहास वाचला आणि मला वाटलं, ही तर आपल्या गावासारख्या गावासाठीच आखलेली वस्तू आहे. थोडं सविस्तर सांगतो.

लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळे त्यानं गिटारीकडे दुरुस्तीला येणारी वस्तू म्हणून पाहिलं. बॉडी म्हणजे सपाट फळी. मान चार स्क्रूंनी जोडलेली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. वायरिंग एका लोखंडी पट्टीवर, दोन स्क्रू काढले की सगळं हातात. पुलावर, म्हणजे ब्रिजवर, तारा टेकायला तीन पितळी कांड्या, म्हणजे सॅडल, स्क्रू-ड्रायव्हरनं मागेपुढे होणारे. १९५० मध्ये ही गिटार ‘एस्क्वायर’ आणि ‘ब्रॉडकास्टर’ या नावांनी बाजारात आली. ग्रेच कंपनीचे ‘ब्रॉडकास्टर’ याच उच्चाराचे ड्रम आधीच विकले जात होते, त्यांनी हरकत घेतली. तेव्हा फेंडरवाल्यांनी लेबलवरचं ते नाव कापूनच टाकलं आणि १९५१ च्या काही महिन्यांत गिटारी बिनमॉडेलनावाच्या गेल्या. संग्राहक त्यांनाच पुढे ‘नोकास्टर’ म्हणू लागले. त्याच वर्षी ‘टेलिकास्टर’ हे नाव आलं ते आजतागायत.

आता हिशोब घाला. सपाट फळी तासणारा सुतार आपल्याकडे आहे. पितळेवर लेथ चालवणारे उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, गल्लोगल्ली आहेत. तारांचं कंपन विजेत बदलणारा पिकअप म्हणजे मॅग्नेटभोवती तारेची गुंडाळी, आणि बारीक तार गुंडाळणारे मोटार वाइंडिंगवाले आहेत. आणि तो रंग? जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. परदेशात आज ते खास मागवावं लागतं आणि त्याचे जादा पैसे मोजतात. आपल्याकडे? कपाट-दिवाणाला पॉलिश करणारा कुठलाही माणूस विचारतो, “एनसी मारू की पीयू?” ते एनसी म्हणजे हेच, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. वाद्याचं दुकान एकही न लागता चार कारागिरांत ही गिटार उभी राहिली. पोकळ, कमानदार बॉडीची गिटार असती तर हे जमलं नसतं.

खानापूरचा_पाऊस

लॅकर कोणत्या महिन्यात मारलं? आमच्याकडे खानापुरात जूनपासून दसऱ्यापर्यंत कुणी एनसीचं काम हातात घेत नाही.

तिसरे_गेट

फेब्रुवारीत. पॉलिशवाल्यांनीच सांगितलं, पावसाच्या तोंडावर आणू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यात अडकते आणि पांढरी झाक येते. सीलर आणि लॅकर मिळून बरेच हात झाले, पण सगळे पातळ. त्यांना कपाटासारखा जाड काचेगत थर द्यायची सवय, मी रोज संध्याकाळी जाऊन “काका, अजून पातळ” म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच नखानं ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, कळलं आता.

एक चूक माझ्या हातून झाली ती इथंच लिहून ठेवतो. गिटार एका साध्या स्टँडवर दीड महिना उभी ठेवली. स्टँडच्या रबराचा आणि एनसीचा उभा दावा असतो. रबरातलं रसायन लॅकरला मऊ करतं. उचलायला गेलो तर चिकटली होती आणि मानेच्या मागं बोटभर डाग पडला. अगदी त्या सागवानी पट्टीवर. पुसून निघत नाही. आता स्टँडला जुन्या सुती धोतराचा कपडा गुंडाळलाय. एनसीवाली गिटार असेल तर आजच गुंडाळा.

वाइंडिंगवाला_उद्यमबाग

नमस्कार. मी पंप, पंखे, लहान ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करतो. पिकअप कुणी गुंडाळले आणि कुठली तार वापरली? माझ्याकडेही एक मुलगा आला होता, ४२ नंबर मागत होता. मी दिली, त्याचं काम झालं नाही म्हणाला. काय चुकलं कळलं नाही.

तिसरे_गेट

अण्णा, अगदी हाच घोळ माझाही झाला! परदेशी पुस्तकांत, व्हिडिओत ‘४२ गेज’ म्हणतात ते अमेरिकन गेज. ती तार ०.०६३ मिलिमीटरची. आपल्या बाजारात नंबर चालतात ते ब्रिटिश एसडब्ल्यूजी. त्यातली ४२ नंबर म्हणजे ०.१० मिलिमीटर, दीडपटीहूनही जाड. मीही आधी तीच आणली. बॉबिन निम्म्या वेढ्यांतच भरली आणि आवाज अगदी मलूल. अमेरिकन ४२ च्या जवळ जाणारी आपली तार म्हणजे ४६ नंबर, ०.०६१ मिलिमीटर. दुकानात नंबर न सांगता मिलिमीटर सांगावं, म्हणजे घोटाळा होत नाही.

ब्रिजच्या पिकअपला ७,८०० वेढे दिले. मीटरवर ६.३ किलोओहम आले. हिशोब केला तर एक किलोमीटरहून जास्त तार त्या बोटभर बॉबिनवर बसली आहे. केसापेक्षा बारीक, ताण जरा वाढला की तुटते. आमच्या वाइंडिंगवाल्या दादांनी हातमशीन बाजूला ठेवलं, शिलाई मशीनची मोटार लावली आणि तार दोन बोटांत फेल्टच्या तुकड्यातून सोडली. पहिल्या तीन वेळा तुटली. चौथ्या वेळी दुकानातला पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं, आणि सात हजार आठशे होईपर्यंत कुणी बोललं नाही.

वाइंडिंगवाला_उद्यमबाग

वा! ४६ आहे माझ्याकडे अर्धी रीळ, जुन्या कामातली उरलेली. त्या मुलाला बोलावून देतो. मॅग्नेट कुठला घेतला? आणि वार्निश करता का आमच्यासारखं?

तिसरे_गेट

मॅग्नेट अल्निको ५. लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट मिसळलेली मिश्रधातू. सहा कांड्या, प्रत्येक तारेखाली एक. त्या ऑनलाइन मागवल्या. वार्निश नाही करायचं, मेणात बुडवायचं. चार भाग पॅराफिन, एक भाग मधाचं मेण, ६५ अंशांच्या आसपास, डबल बॉयलरमध्ये. थेट आचेवर नको, मेण पेट घेतं. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत आत ठेवायचं. वेढे सैल राहिले तर ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवल्यावर पिकअप स्वतःच किंचाळतो. मेणानं वेढे जागच्या जागी बसतात. मधाचं मेण खानापूरच्या बाजूचं मिळालं, त्याचा वास अजून पिकगार्ड काढलं की येतो.

चोर्ला_मार्गे

गोव्यात हॉटेलांमधून वाजवतो, घर बेळगावातच. मला सांग, वायरिंग कुठलं केलंस? १९५२ नंतरचं जुनं वायरिंग केलं असशील तर स्विचच्या मधल्या जागेवर मानेजवळचा (नेक) आणि पुलाजवळचा (ब्रिज) असे दोन्ही पिकअप एकत्र मिळत नाहीत. मला तर तोच आवाज सगळ्यात जास्त लागतो.

तिसरे_गेट

बरोबर बोललास. आधी अगदी त्या काळचं केलं होतं. पुढची जागा म्हणजे नेक पिकअप कपॅसिटरमधून, एकदम दबका, बासच्या जवळ जाणारा आवाज. मधली जागा नेक पिकअप टोन कंट्रोलसकट. मागची जागा ब्रिज. दोन्ही एकत्र कुठंच नाहीत. फेंडरनं १९६७ मध्ये ते बदलून आजचं नेक, दोन्ही, ब्रिज असं केलं. सहा महिने हट्टानं जुनं ठेवलं. पुढची जागा मी एकदाही वापरली नाही. मग एका रविवारी सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि १९६७ चं करून टाकलं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट जुनी सोडली. नेकचा पिकअप नव्यानं उलट्या दिशेनं गुंडाळून घेतला आणि त्याचे मॅग्नेट उलटे बसवले. मूळ गिटारीत तसं नव्हतं. पण त्यामुळे मधल्या जागेवर दोन्ही मिळून घूंऽऽ आवाज एकमेकांचा मारतात. आपल्याकडे विजेचा ५० हर्ट्झचा गुंजारव घराघरांत आहे. जुनेपणासाठी तो सहन करण्यात मला अर्थ वाटला नाही. दिसण्यात फरक नाही, आणि एकटा पिकअप लावला की आवाज तोच.

खानापूरचा_पाऊस

विजेचा विषय निघालाच आहे म्हणून कळकळीनं लिहितोय. दोन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावात गणेशोत्सवाच्या स्टेजवर मी गात होतो, गळ्यात गिटार. हात तारांवर, ओठ माइकला लागले आणि असा झटका बसला की मागं फेकला गेलो. दात हलले. गिटारीच्या तारा पुलातून, केबलमधून ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, आणि एकाची अर्थची पिन तोडलेली. आपल्याकडे थ्री-पिनचा जाड पाय मोडून टू-पिनमध्ये घालायची सवयच आहे. मग मधला रस्ता म्हणजे आपलं शरीर. १९७२ मध्ये ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वे असाच स्टेजवर माइकला हात लावून गेला.

स्टेजवर चढलात की आधी माइकच्या जाळीला टेस्टर लावा. ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच, मंडळाला बसवायला लावा, भांडायला लागलं तरी चालेल. गिटार हातानं केलेली असो की कारखान्यातली, हे सगळ्यांना लागू.

तिसरे_गेट

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी टेस्टर आता गिटारच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यातच ठेवतो.

निपाणीची_वहिनी

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, एक वर्ष झालं शिकतोय. हा धागा वाचून त्यानं हट्ट धरलाय की अशीच करून घ्यायची. खर्च किती आला? आणि एवढ्या लवकर घ्यावी का?

तिसरे_गेट

वहिनी, मला सगळं मिळून अडतीस हजारांच्या आसपास पडलं. निम्म्याहून जास्त मेपल, मशीन हेड (तारा पिळायच्या खुंट्या), पूल आणि इलेक्ट्रॉनिक्सलाच गेले. मजुरी मिस्त्रींनी फार कमी घेतली. त्यांची ही दुसरीच गिटार होती. कामाला सात महिने लागले.

त्याच्यासाठी मात्र मी आत्ता नको म्हणेन. कारण पैशाचं नाही. अशी गिटार सांगून करून घ्यायची असते, आणि सांगायला आपल्या हाताला काय हवं ते माहीत लागतं. उदाहरण देतो. जुन्या पद्धतीच्या मानेचा वरचा भाग गोलसर असतो, ७.२५ इंची त्रिज्येचा. कॉर्ड धरायला मस्त. पण तारा फार खाली घेतल्या आणि वरच्या फ्रेटवर जोरात बेंड केलं, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवला, की तो मध्येच गुदमरतो. आजच्या गिटारी सपाट असतात, त्यात तसं होत नाही. त्याला कोणतं वाजवायला आवडतं हे अजून ठरायचंय. दोन वर्षं चांगली साधी गिटार वाजवू दे. तोवर त्याला घेऊन या, माझी वाजवून बघू दे. मी तिसऱ्या गेटाजवळच असतो.

निपाणीची_वहिनी

होय, तसंच करू. दिवाळीच्या सुट्टीत घेऊन येते त्याला. तो आत्तापासूनच वारंवार विचारतोय, फ्रेटवर लॅकर असतं का?

तिसरे_गेट

चांगला प्रश्न आहे, त्याला सांगा. मेपलवर घामाचे काळे डाग पडतात, म्हणून अख्ख्या फिंगरबोर्डवर लॅकर मारतात, फ्रेटसकट, आणि फ्रेटवरचं नंतर खरवडून काढतात. वाजवून वाजवून ठरावीक जागी ते झिजतं. माझं पाचव्या आणि सातव्या फ्रेटपाशी झिजायला लागलंय.

चोर्ला_मार्गे

झिजण्यावरून आठवलं. हल्ली मुद्दाम ओरखडे काढून, कडा घासून ‘रेलिक’ करून विकतात. तू तसं का नाही करून घेतलंस? व्हिंटेज दिसायला तेच लागतं की.

तिसरे_गेट

मिस्त्रींनाही मी ते फोटो दाखवले होते. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हे ज्याच्या हातून झिजलं तो कुठं आहे? मला त्याच्यावर उत्तर देता आलं नाही. माझ्या गिटारीवर आता एक रबराचा डाग आहे, पट्ट्याच्या बकलानं पडलेला एक चरा आहे, आणि पुतणीनं चमच्यानं ठोकलेली एक खूण आहे. तेवढं पुरे.

मिरज_तंबोरा

धागा पहिल्यापासून वाचतोय. आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे होतात. तूणाची बॉडी केलीत हे वाचून आनंद झाला. लाकूड किती वर्षं मुरलेलं होतं? आम्ही कापून आणलेलं तूण लगेच हातात घेत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा लोकांनी भोपळ्याचे फोटो काढले, पण वाद्य टिकतं ते लाकूड किती थांबलं त्यावर.

दुसरं, नट कशाचा केलात आणि खाच कशी काढली? आमच्याकडे जवारी काढताना तार घोडीवर लांबवर घासत जावी असा उतार ठेवतात, त्यातूनच झंकार येतो. तुमच्या वाद्यात त्याच्या उलट असणार असं वाटतंय.

तिसरे_गेट

काका, तुम्ही इथं लिहिलंत याचा फार आनंद झाला. लाकूड मिस्त्रींकडे अकरा वर्षं माळ्यावर होतं. एका सतारीच्या कामासाठी घेतलेलं, ते काम झालं नाही.

नट हाडाचा. आणि हो, बरोबर उलट. खाचेचा उतार हेडस्टॉककडे, म्हणजे तार नटाच्या अगदी पुढच्या कडेवर सुटते आणि स्वच्छ वाजते. कड जरा बोथट झाली की खुली तार सतारीसारखी झणझणते. माझ्या बाबतीत तसं झालं होतं. मोठ्या शहरातल्या एका दुकानात नट दुरुस्तीला दिला, त्यांनी खाचा खोल करून परत पाठवला. तारा पहिल्या फ्रेटवर टेकायला लागल्या. शेवटी मिस्त्रींनीच नवा नट केला. त्यांचा हात जवारीचा नसला तरी हार्मोनियमच्या सुरांवर बसलेला आहे. त्यांनी मीटर न लावता कानानंच सांगितलं, ‘जी’ची तार झणकतीय.

खानापूरचा_पाऊस

पावसाळ्यात मान किती हलते? माझी कारखान्यातली गिटार जुलैत वाजवण्यासारखी राहत नाही.

तिसरे_गेट

हलते. एका तुकड्याची, लॅकर लावलेली असल्यामुळे कमी हलते, पण हलते. माझ्या खोलीत हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर जुलै-ऑगस्टमध्ये ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही, मार्चमध्ये ३० पर्यंत उतरतो. पावसाळ्यात माझ्या मानेला पोट येतं, तारा उंच वाटतात. मार्चमध्ये लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेनं बोटाला लागतात.

मोजायला वेगळं काही आणू नका. गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला फिलर गेज असतं तेच चालतं. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजायची. ०.२५ मिलिमीटर असेल तर उत्तम. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेरा आवळायचा.

जुन्या घडणीत इथंच त्रास आहे, तो लपवत नाही. रॉड आवळायचा नट मानेच्या बुडाला असतो, हेडस्टॉककडे नाही. म्हणजे तारा सैल करा, मानेचे चार स्क्रू ढिले करा, मान उचला, पाव फेरा द्या, परत बसवा, सूर लावा, मोजा. चुकलं तर पुन्हा. वर्षातून दोनदा मी हे करतो, जूनच्या शेवटी आणि दिवाळीनंतर. स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवायचा, ‘टक्’ आवाज येऊन जुना आटा सापडला की मगच सुलटा आवळायचा. नाहीतर मेपलमध्ये नवा आटा पडतो आणि दोनचार वर्षांत भोकं सैल होतात.

चिकोडी_बास

लाकडानं इलेक्ट्रिक गिटारीच्या आवाजात फरक पडतो का, यावर आमच्या ग्रुपमध्ये दोन तट आहेत. तुमचं मत?

तिसरे_गेट

ॲम्प्लिफायरमधून ऐकताना पिकअप, त्याची जागा, तारा आणि हात यांचा वाटा मोठा, असं माझा कान सांगतो. पण ॲम्प न लावता रात्री अंथरुणात वाजवतो तेव्हा पोटाला जे कंपन लागतं ते तूणाचं आहे. आणि मी तिला जास्त वेळ तशीच वाजवतो.

मिरज_तंबोरा

एक शंका राहिली. तुम्ही लिहिलंत, पूल तीन सॅडलचा. म्हणजे एका सॅडलवर दोन तारा. मग प्रत्येक तारेची लांबी वेगळी कशी जुळवता? आमच्याकडे पडदे सरकवता येतात, तुमच्याकडे फ्रेट पक्के.

तिसरे_गेट

काका, नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलंत. ‘डी’ (चौथी तार) बरोबर लावली की ‘जी’ (तिसरी) वरच्या फ्रेटवर चढी लागते. दोन्ही एकाच पितळी कांडीवर बसतात, आणि प्लेन, म्हणजे वेढे नसलेल्या, ‘जी’ला खरं तर ‘डी’पेक्षा मागं सरकायचं असतं. १९५० मध्ये हे एवढं खटकत नव्हतं, कारण तेव्हाच्या सेटमध्ये तिसरी तारही गुंडाळलेली, म्हणजे वाउंड असायची. तिची जागा ‘डी’च्या जवळ येते. पुढं लोक बारीक प्लेन तार लावायला लागले आणि पूल तोच राहिला.

मिरज_तंबोरा

मग दोन रस्ते आहेत. तार जुनी लावा, नाहीतर कांडी तिरपी करा. लेथवाल्याला सांगून सॅडलमधलं स्क्रूचं भोक थोडं तिरकं पाडून घ्या, कांडी आपोआप तिरपी बसेल.

तिसरे_गेट

काका, दोन्ही करून बघितलं. वाउंड तिसरी तार लावून आठवडाभर वाजवली. सूर जुळला, पण तिच्यावर बेंड करताना बोटाची सालं निघाली, आणि मला गाण्यात ती बेंड हवीच असते. मग काल उद्यमबागेत गेलो. लेथवाल्या दादांनी ९ मिलिमीटरची पितळी कांडी कापली, भोक तिरकं पाडलं, कडा पॉलिश करून दिल्या. पैसे घ्यायला तयार नव्हते, म्हणाले वाजवून दाखवा आधी. तिथंच, मशीन बंद करून, ॲम्पशिवाय वाजवली.

‘डी’ आणि ‘जी’ दोन्ही बाराव्या फ्रेटवर आता काट्यावर आहेत. ‘बी’ अजून किंचित चढी आहे. ती कांडी पुढच्या शनिवारी करायची आहे, अण्णांची ४६ नंबरची रीळही त्याच फेरीत बघून येतो.